समुद्र घरी नेणाऱ्या मेयरचं गाणं

देल्फीनाने ते गाणं मेयरची टर उडवायलाच रचलं होतं, याबद्दल निदान तिला स्वतःला तरी सुरुवातीला शंका नव्हती.

मनिलाच्या उपसागराकाठी तिच्या गावात मेयरने समुद्रात भराव टाकायला घेतला होता. पाण्यात बांबू रोवून शिंपल्या वाढवणाऱ्या कोळ्यांनी जायचं कुठे, हे कोणी सांगत नव्हतं. भरावाचा कडा ढासळून नार्दो नावाचा कोळी गाडला गेला, तेव्हा लोक नगरपालिकेवर चालून गेले. देल्फीना ट्रकवर चढली. सोबत गिटार घेऊन म्हातारा तुरिंग. त्याला ती कुया म्हणे, म्हणजे थोरला भाऊ; तो तिला लाडाने फीनिंग म्हणे.

मेयर आमचे मायाळू, समुद्र नेती घरी
उघड्यावरती भिजत होता पावसाच्या सरी

लोक पोट धरून हसले. शेवटचं कडवं नार्दोचं होतं. तिथे सगळे गप्प झाले. तेवढ्यात मेयरच जिना उतरून आला. देल्फीनाला वाटलं, आता धरपकड. पण त्याने तिच्या हातातला माईक घेतला, धृपद सुरात म्हटलं आणि कंबर हलवून नाचला. लोक पुन्हा हसले. कोणाला हसले, तिला कळेना.

पुढच्या आठवड्यात मेयरच्या प्रचाराच्या गाडीवर तेच गाणं वाजू लागलं. फक्त नार्दोचं कडवं गाळलेलं.

बाजारात मासळीवाली म्हणाली, "मेयरकडे गायला लागलीस म्हणे? बरं झालं, चार पैसे मिळतील."

"अगं, शिव्या दिल्यात मी त्याला."

"असं होय? मला वाटलं, कौतुकच करतेस. चाल किती गोड आहे."

देल्फीना तुरिंगवर उखडली. "चाल तुझी आहे, कुया."

"शब्द तुझे आहेत. जरा कडू लिहायचेस."

मग किनाऱ्यावरच्या सभेत तिने नार्दोच्या कडव्यानेच सुरुवात केली, अगदी संथ. पण लोक धृपदाची वाट बघत होते, आणि ते येताच मेयरसारखी कंबर हलवू लागले. त्यांत नार्दोची बायको पासिंगही होती. ती नाचत होती आणि डोळे पुसत होती.

नंतर देल्फीनाने तिला आते, म्हणजे थोरली बहीण, म्हणत भीतभीतच विचारलं, "आते, तुम्हाला राग नाही आला?"

पासिंग म्हणाली, "त्याचं नाव गाण्यात आलं, ते बरं वाटलं. मग पाय हलले. का हलले, काय सांगू बाई."

मेयर पुन्हा निवडून आला. विजयाच्या जेवणाला त्याने दोघांनाही बोलावलं. देल्फीनाने निरोप्याला दारातूनच परत पाठवलं; तुरिंग मात्र इस्त्रीचा सदरा घालून गेला. तिला ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा तिने त्याच्यापुढे कॉफीही ठेवली नाही.

"डुकराचं भाजलेलं मांस खाऊन आलास?"

"खाल्लं की. आणि नार्दोचं कडवं म्हटलं. तिथेच, मेयरच्या पाहुण्यांसमोर."

"मग?" देल्फीनाने विचारलं.

"मेयर रडला."

"नाटकी आहे तो."

"मलाही तसंच वाटलं, म्हणून जवळ जाऊन पाहिलं. खरं पाणी होतं, फीनिंग. पण हसतो तेव्हाही तो खरंच हसतो. त्याचं काय करायचं?"

थोड्याच दिवसांत भरावाचं काम थांबलं. कोणी म्हणालं कोर्टाने थांबवलं, कोणी म्हणालं ठेकेदार पळाला, बाजारात मात्र गाण्याचं नाव घेत होते. मग काम पुन्हा सुरू झालं, पण पासिंगच्या बांबूंना वळसा घालून. बाकीच्यांचे बांबू गेले.

ज्यांचे गेले ते देल्फीनाच्या दारात आले. तिला वाटलं, जाब विचारतील. ते म्हणाले, "आमच्या नावाचंही एकेक कडवं कर."

तिने तुरिंगला बोलावून घेतलं. चाल गोड ठेवायची की कडू, यावर दोघं संध्याकाळपर्यंत भांडत बसली.