कळशीला पेशी नसते

मित्रांनो, तासगावच्या एका कॉलेजात, जीवशास्त्राच्या वर्गात तीस वर्षं टांगलेला लाकडी फळा मी. आकाराम सुतारानं मला घडवलं. माझ्यावर वाचून पोरं डॉक्टर झाली, माझं कौतुकही झालं. पण ते सांगत बसत नाही. माझ्या मनात एकच गोष्ट खदखदते आहे.

१९९७ साल. सुलाबाई आमच्याकडे शिपाई होती. ती वर्ग झाडायची, मला पुसायची, पिण्याचं पाणी भरायची. तिचा नवरा एड्सनं वारला. मग तिचीही तपासणी झाली आणि तिलाही लागण असल्याचा रिपोर्ट गावभर झाला. दुसऱ्या दिवसापासून तिनं भरलेल्या कळशीला कुणी हात लावेना.

जीवशास्त्र शिकवणाऱ्या शरयू मॅडम वर्गावर आल्या त्या संतापूनच. खडू दोनदा मोडला. त्यांनी माझ्यावर मोठी पेशी काढली, तिच्या आत केंद्रक.

"हा एड्सचा विषाणू आपल्या जनुकांत स्वतःची जनुकं घुसवतो," त्या म्हणाल्या. "पण सुरुवातीला त्यांची नक्कल बहुतेक वेळा अर्ध्यावरच तुटते. मग त्याचं टॅट नावाचं प्रथिन तयार होतं. ते केंद्रकात येऊन नक्कल शेवटपर्यंत पुरी करून घेतं. रेव्ह नावाचं दुसरं प्रथिन त्या लांब नकला अखंड केंद्रकाबाहेर नेतं. तेव्हा कुठं नवे विषाणू बनतात. हे सगळं जिवंत पेशीतच घडतं. कळशीला पेशी नसते. तिथं टॅट काय करणार?"

'कळशीला पेशी नसते' हे त्यांनी माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि सगळ्यांसमोर सुलाबाईच्या कळशीतलं पेलाभर पाणी प्यायल्या.

दुपारी संस्थेचे सचिव दादासो आले.

"मॅडम, ही घाण पुसून टाका. आणि ही बाई उद्यापासून नको."

सुलाबाई दारातच उभी होती. तिनं डस्टर उचललं आणि त्यांच्यापुढं धरलं.

"आवं दादासो, आदी वाचा. मग तुमीच पुसा. मी न्हाई पुसायची."

दादासोंनी वाचलं नाही. तिच्या हातचं डस्टरही घेतलं नाही. स्वतःचा पांढराशुभ्र रुमाल काढला आणि त्यानं मला खसाखसा पुसलं.

सुलाबाईला काढलं. शरयू मॅडमनी अर्जांवर अर्ज केले, सांगलीला खेपा घातल्या. आठ महिन्यांनी तिला परत घ्यायचा हुकूम आला. तोवर तिला झाडूही उचलवत नव्हता. मस्टरवर सही करून ती माझ्यासमोरच्या बाकावर बसून राहायची. असे जेमतेम चार महिने गेले.

तिची शोकसभा याच वर्गात झाली. दादासो माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "सुलाबाई आमच्या घरातलीच होती." पहिल्या बाकावरच्या शरयू मॅडम उठल्या आणि बाहेर निघून गेल्या. त्यांच्या मागं निम्मा वर्ग गेला.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, अडगळीत टाका, माझी तक्रार नाही. पण समोर लिहिलेलं न वाचता एखाद्या माणसाला पुसून टाकू नका.