काळ्या मखमलीवरची कणी

मावशीचं शिवणाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं आणि त्या खोलीवर हुकूम चालायचा फौजदारीणबाईंचा, म्हणजे मावशीच्या मांजरीचा. कोणी जागेवरून उठवलं की डोळे वटारायची, म्हणून हे नाव. पण महिनाभर बाईसाहेब ताटली चाटूनपुसून खायच्या आणि तरी पार वाळत चालल्या होत्या. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी शी तपासली, काही सापडलं नाही. जंतांची गोळी दिली, तिचाही उपयोग झाला नाही.

"वय झालं तिचं, वहिनी," मावशीची धाकटी नणंद म्हणाली.

"पाचव्या वर्षी कसलं वय? काहीतरी हुकतंय."

त्या दुपारी मावशी काळी मखमल बेतत होती. मखमलीवर बसलेली मांजर उठून गेली आणि मागे तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी राहिलं. नणंद ते झटकणार, तोच मावशीनं तिचा हात धरला. चाळीस वर्षं सुईत दोरा ओवलेली नजर ती. कणी आक्रसली, मग लांबली.

"अगं बाई, जिवंत आहे!" नणंद खुर्चीवरच चढली.

मावशीनं ती कणी ओल्या चिंधीसकट बटणांच्या रिकाम्या डबीत ठेवली, मांजर टोपलीत घातली आणि थेट दवाखाना गाठला.

"मावशी, तपासणीत काही नव्हतं हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तपासणीत नसेल. डबीत आहे."

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं आणि मान डोलावली. "पट्टकृमी! लांब फितीसारखा असतो, त्याचे तुकडे असे गळतात. अंडी तुकड्यातच बंद राहतात, म्हणून तपासणीत निसटलं. आणि माझी गोळी होती गोल जंतांची. चुकलंच माझं. पिसवा आहेत का हिला?"

"छे! माझ्या घरात?"

डॉक्टरीणबाईंनी मांजरीच्या अंगावरून बारीक फणी फिरवली. दोन पिसवा निघाल्या. मावशीचा चेहरा उतरला.

"अंग चाटताना मांजर पिसू गिळते, त्यातूनच हा पोटात जातो. पिसवा राहिल्या तर पुन्हा होणार."

"मग दोन्हींचं औषध द्या. घराचं मी बघते."

नवी गोळी पोटात गेली, मानेवर पिसवांचं औषध पडलं. मावशीनं अंथरुणं, गाद्यांचे अभ्रे, चिंध्यांचं गाठोडं, सगळं गरम पाण्यातून काढलं. दोन महिन्यांत मांजर चांगली भरली. नणंद आता रोज चष्मा लावून तिला विंचरते आणि एकही पिसू सापडली नाही की हिरमुसते.