चौथी चिंधी

संपाला वर्ष उलटलं, गिरणीचं दार काही उघडेना, तेव्हा माग चालवणारा परळचा साचेवाला उत्तम टॅक्सीवर बसला. टॅक्सी दुसऱ्याची, जख्ख म्हातारी, आणि तिच्या इंजिनाचं नेमकं हेड गॅस्केट उडालं. रेडिएटरचं पाणी ऑइलात शिरून त्याचा पार चहा झाला. मालक म्हणाला, "रविवारपर्यंत चालू केलीस तर चालव, नाहीतर भंगारात घालतो." घ्या आता! टॅक्सी गेली तर मुंबईच गेली. बायकोनं, कौसल्येनं, आधीच बजावलं होतं, "ह्या नाय जमला तर गावाक जाऊया. कायमचे."

गडी हट्टाला पेटला. बीडीडी चाळीच्या आवारात त्यानं हेड उतरवलं, घासूनपुसून लख्ख केलं, नवं गॅस्केट बसवलं, मधल्या नटापासून सुरुवात करून सगळे आवळत आणले. रविवारी दुपारी चावी फिरवायची तेवढी राहिली.

तर कौसल्या आडवी! "गाऱ्हाणा घातल्याबिगर चावी फिरवलात तर बघा!"

उत्तमचं डोकं सणकलं, पण बायकोपुढे बोलतो कोण? शेजारचे लवूकाका नारळ घेऊन आले. आणि देवाला गाऱ्हाणं घालायला लवूकाका एकदा सुरू झाले की थेट गावच्या वेशीपासून देव गोळा करत येतात, घाईबिई नाही.

"बा देवा महाराजा! तुझ्या लेकरान ही गाडी उघडून परत बांधल्यान हा..."

"व्हय महाराजा!" जमलेले सगळे ओरडले.

"हातून काय चुकला-माकला आसात, आत काय ऱ्हवला आसात, ता भायर काढ रे महाराजा!"

उत्तमचा 'व्हय' तोंडातच राहिला. आत? साचा उघडला की उघड्या भोकात चिंधी कोंबायची, कचरा जायला नको, ही गिरणीतली सवय. इथेही हेड उतरवल्यावर त्यानं उघड्या पडलेल्या चारी सिलिंडरांत चिंध्या कोंबल्या होत्या. जमिनीवर काळ्याकुट्ट पडल्या होत्या तीनच.

"काका, थांबा!" त्यानं धडाधड प्लग काढले, बॅटरी लावून एकेका भोकात डोकावला. चौथ्यात होती बया! छत्रीची काडी वाकवून आकडा केला आणि खेचता खेचता घामानं निथळला. शेवटी आख्खी चिंधी बाहेर आली. चावी फिरवली असती तर इंजिनाचा सत्यानाश झाला असता.

"आता घाला पुढे," तो म्हणाला. या खेपेला 'व्हय महाराजा' त्याचाच सगळ्यांत मोठा होता.

नारळ फुटला. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. कौसल्येला शेजारी बसवून तो प्रभादेवीपर्यंत जाऊन आला. पाण्याच्या उष्णतेचा काटा लाल खुणेकडे चढला नाही, मागे धुराचा ठिपका नाही. त्याला हसू आवरेना, डोळेही भरून आले.

"मगे?" त्यानं विचारलं. "गावाक जाऊचा मां?"

"जाऊया की," कौसल्या पदरानं वारा घेत म्हणाली. "गणपतीक. गौरी गेली की परत."