सात पिंपळपानं

सत्यशीलानं नव्या गिटारच्या सहाही तारांवरून अंगठा खालपर्यंत ओढला आणि हात तसाच अधांतरी धरून ती थांबली. सिताराम सुतार तिच्या तोंडाकडे बघत होता. तारा वाजल्या होत्या, पण लाकूड वाजलं नव्हतं. भिंतीत दोन खिळे ठोकून त्यांना तार ताणावी आणि छेडावी, तसा तो आवाज. जागच्या जागी विझणारा.

"आनखी एक डाव," सिताराम म्हणाला.

तिनं पुन्हा छेडलं. तेच.

"काका, सूर बरोबर लागलेत. पन..."

"पन काय? बोल की. शाळेत पोरांना बोलतीस तशी बोल."

"आवाज बसलाय."

"सर्दी झाल्यावानी," उंबऱ्यात गहू निवडत बसलेली पार्वतीबाई म्हणाली. "मला वाटलंच. एवढं दागिन्यानं मढवल्यावर बाईला बोलायला जागा राहती का?"

"तू तुझे गहू बघ," सिताराम नवऱ्याच्या हक्कानं म्हणाला. पण त्याचा हात गिटारच्या तोंडावर, म्हणजे वरच्या फळीवर गेला होता आणि तिथंच थांबला होता.

ते तोंड करायला त्याला बावीस दिवस लागले होते. जुन्या जिनिंग कारखान्याच्या तुळईतला, चाळीस-पन्नास पावसाळे बघितलेला साग. त्यात मधल्या भोकाभोवती गोल फिरणारी वेल, पितळेच्या तारेची. वेलीला सात पिंपळपानं, दुधनेच्या पात्रातल्या शिंपल्यांची. एकेक पान घासून नखाएवढं पातळ केलेलं. पानांच्या मागे सावली म्हणून शिसमाची काळी किनार. सत्यशीलानं नक्षी मागितली नव्हती. पिंपळाचं पान तर तिनं सुचवलंही नव्हतं. विहारासमोर वाजणार म्हणून त्यानंच ते मनानं काढलं. आज फडकं बाजूला केल्यावर ती कितीतरी वेळ नुसती बघत राहिली होती आणि मग तिनं एकेका पानावरून बोट फिरवलं होतं.

सत्यशीला लिंबाजीची मुलगी, झरीच्या जिल्हा परिषद शाळेत मास्तरीण. बी.एस्सी. करून औरंगाबादला बी.एड. करताना खोलीत जालन्याची एक मुलगी होती. तिच्याकडून सत्यशीला गिटार शिकली. ती मुलगी गावी परतायला निघाली तेव्हा हिनं तिची गिटार वर्तमानपत्रावर आडवी ठेवून पेन्सिलीनं आकार काढून घेतला होता. पोट सतरा इंच, बाजूंची खोली साडेतीन. सगळी मापं समासात लिहिलेली होती.

जानेवारीत औरंगाबादच्या विद्यापीठाला नाव मिळालं. सोळा वर्षं लिंबाजी त्या नावासाठी मोर्चात चालला होता. सत्यशीला मापांचा तो कागद घेऊन सितारामकडे आली ती त्याच आठवड्यात. "माझ्या सर्टिफिकेटावर विद्यापीठाचं अर्धंच नाव हाय काका," ती हसत म्हणाली होती. "उरलेलं आता आलं. यंदाच्या जयंतीला मी सोता लिहिलेलं गानं म्हननार हाय. पेटी मला येत न्हाई. येतं ते हेच."

चौदा एप्रिल गुरुवारी होता. आज शनिवार.

"तोंडाची जाडी किती ठेवली काका?" तिनं विचारलं.

तिच्या कागदावर तीन मिलिमीटर लिहिलं होतं. म्हणजे सुताराच्या हिशेबात एक सूत. एक सूत लाकूड म्हणजे पापड. पितळेची तार धरायची तर दोन सूत खोल चर लागतो, आणि चराखाली तेवढंच लाकूड लागतं.

"चार सूत," तो शेवटी म्हणाला.

"अर्धा इंच?"

"उगं जास्त हाय का ते?"

सत्यशीलानं गिटार मांडीवर उताणी घेतली. फळ्यासमोर उभी राहावी तशी ती सांगू लागली. "तार एवढीशी बारीक हाय. ती हवा किती हलवनार? तार तोंडाला हलवती आन तोंड हवेला हलवतं. तोंडच जड असलं तर तार दमून जाती. आमच्या बापाचा डफ हाय ना, त्याच्या कातड्यासारखं पायजे बगा."

सितारामला लगेच कळलं. "म्हंजी डफाच्या कातड्यावर मी पितळ ठोकलं म्हन की."

"तसं न्हाई काका..."

"तसंच हाय."

"आतून रंधून पातळ केलं तर?"

"दोन सूत रंधलं की पितळ उघडं पडतं. पानं गळतेत."

तिनं पुन्हा एका पानावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "राहू द्या. मी अशीच वाजवते. माइक हायच की. एवढी सुंदर वस्तू आख्ख्या परभणीत कुनाकडं नसंल."

हे ती मनापासून बोलत होती, आणि म्हणूनच ते त्याला लागलं. उजव्या डोळ्याला त्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळत होता. डावाही धुरकटला होता. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, ऑपरेशन करू, पण बारीक कामाचं बोलू नका. लोकांनी दारांना लोखंडी चौकटी बसवायला सुरुवात केल्यावर कोरीव काम तसंही संपलं होतं. ही वेल आपली शेवटची, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं तिच्या मापाकडे काणाडोळा केला होता.

"तू शोभेची वस्तू मागितली नव्हतीस," तो म्हणाला. "ठिव ती. बुधवारी सांजच्याला ये."

दुसऱ्या दिवशी अमावस्या. सुताराच्या घरी अमावस्येला हत्यार उचलत नाहीत. रंधा, पटाशी, करवत धुऊन, हळद-कुंकू लावून पाटावर मांडलेली. सितारामनं नमस्कार केला आणि तो बाहेर पडायला लागला.

"आज खाडा हाय, चाललात कुठं?" पार्वतीबाईनं विचारलं.

"हत्याराला हात लावायचा न्हाई. लाकडाला लावायला कुनाची ना हाय?"

मग तो गावभर लाकडं वाजवत फिरला. बोटाच्या मुडपलेल्या सांध्यानं टकटक करायची आणि कान लावायचा. कडुलिंब मुका निघाला. बाभूळ तर दगडच. आंब्याची फळी जराशी बोलली, पण बोलून लगेच विसरली. एका गोठ्याच्या दाराला कान लावून उभा असताना आतल्या म्हातारीनं "कोन हाय रे तिकडं" म्हणून हटकलं, तेव्हा तो "कुनी न्हाई मावशी, सिताराम हाय" म्हणाला आणि पुढच्या दाराकडे गेला.

दुपारी तो बन्सीधरच्या किराणा दुकानापाशी टेकला. बन्सीधर नेहमीसारखा तराजूमागे खोक्यावर बसला होता. बोलता बोलता सितारामनं सवयीनं त्या खोक्याच्या कडेला टकटक केली.

त्यानं पुन्हा टकटक केली.

"ऊठ," तो म्हणाला.

"का म्हून?"

"ऊठ म्हनलं ना. तुझं वजन हाय त्याच्यावर."

"माझं वजन तुला आज दिसायलंय व्हय? नऊ वर्सं झाली बसतोय मी ह्याच्यावर."

बन्सीधर उठला. सितारामनं खोकं उचलून कानाशी धरलं आणि वाजवलं. आवाज गोल होता, आणि बोट काढल्यावरही तो थोडा वेळ तिथंच होता. सफरचंदाची पेटी होती, वर उत्तरेकडून आलेली. अशा लाकडाला सगळे देवदारी म्हणतात, पण त्याला देवदाराचा वास नव्हता. वजनाला हलकं, आणि रेषा वहीच्या पानावर आखल्यासारख्या सरळ, जवळजवळ. थंडीत हळूहळू वाढलेलं झाड असणार. त्यात नऊ वर्षं दुकानात वाळलेलं.

"हे दे मला."

"चुलीत घालायला?"

"तोंड करायचंय."

"कुनाचं?" बन्सीधरनं विचारलं, आणि सिताराम हसला नाही असं बघून म्हणाला, "ने बाबा. पन मी कशावर बसू?"

"सागाचा पाट देतो."

"जळनाच्या बदल्यात साग? अमावस्या लागली वाटतं तुला."

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी केली आणि सितारामनं गिटार उघडली. जोडातला सरस पाण्याच्या वाफेवर सुटतो. त्यानं आधी वरचं सागाचं तोंड काढलं, मग आंब्याची पाठ. सफरचंदाच्या पेटीच्या चार फळ्या कडेला कडा लावून जोडल्या आणि एक सूत उरेपर्यंत रंधल्या. डोळ्यांचा भरवसा नव्हता. तो रंध्याच्या दर चार हातांनंतर फळी दोन बोटांत लटकवून वाजवत होता. जाड होती तेव्हा ती टक म्हणायची. मग टंग. ज्या क्षणी ती नुसत्या फुंकरीनं गुणगुणली, त्या क्षणी त्यानं रंधा खाली ठेवला. आतून बांबूच्या कामट्यांएवढ्या बारीक पट्ट्या आडव्या लावल्या, तारांच्या ओढीनं तोंड बसू नये म्हणून.

पेटीच्या खिळ्यांची आठ भोकं फळ्यांत राहिली होती. त्यांत त्यानं शिसमाच्या खुंट्या बसवून सपाट केल्या. नव्या तोंडावर तेवढेच आठ काळे ठिपके. दुसरं काही नाही.

जुनं सागाचं तोंड खाटेवर पडलेलं होतं. पार्वतीबाईनं ते उचलून पदरानं पुसलं.

"भिंतीला लावू?"

"भिंतीसाठी केलं न्हाई ते."

"मंग?"

"पाठीला जड लाकूड चालतं. मागची बाजू तिच्या अंगाला असती, हवेला न्हाई."

"आन ह्ये भोक?"

सितारामनं नव्या तोंडातून भोकासाठी कापून काढलेली चकती घेतली आणि जुन्या तोंडाच्या भोकात ठेवून बघितली. करवतीनं खाल्लं होतं तेवढी ती सैल होती, सगळीकडून सारखीच. त्या फटीत त्यानं पितळेची एक कडी बसवली. सात पानांच्या मधोमध सफरचंदाच्या पेटीचा चंद्र आला. बावीस दिवसांच्या कामात हा एक भाग राहिला होता असं वाटावं, इतका तो तिथं शोभला. बुधवारी सत्यशीला आली, तिनं गिटार उलटी केली, आणि एकेक करून सातही पानं मोजली. नंतर तिनं तारा छेडल्या तेव्हा पार्वतीबाईच्या हातातलं सूप थांबलं.

गुरुवारी दिवेलागणीला विहारासमोर सतरंज्या अंथरल्या होत्या. लिंबाजीनं पाथरीहून दोन कर्णे आणले होते. मुलीचं गाणं वेशीपर्यंत पोहोचलं पाहिजे म्हणून एक त्यानं स्वतः झाडावर चढून बांधला होता. सिताराम शेवटच्या रांगेत बसला, बन्सीधरच्या शेजारी. इतक्या लांबून त्याला मंच म्हणजे नुसता पिवळा उजेड दिसत होता.

सत्यशीला उभी राहिली. पहिलं कडवं कर्ण्यातून आलं. त्यात सगळंच पत्र्याचं वाटत होतं, गाणंही आणि गिटारही. दुसरं कडवं सुरू झालं आणि लाइट गेली.

अंधारात लोक चुळबुळले. कुणीतरी "थांब गं पोरी, लाइट येऊ दे" असं ओरडलं. ती थांबली नाही. आधी आवाज आलाच नाही; मग लोक गप्प झाले तसा तो येऊ लागला, बारीक, पण पुरता. सतरंज्यांवरून, माणसांच्या खांद्यांवरून तो शेवटच्या रांगेपर्यंत आला आणि सितारामच्या पुढ्यात पोचल्यावरही थोडा वेळ राहिला. सितारामनं मान खाली घातली होती.

बन्सीधर त्याच्या कानाशी लागला. "माझं खोकं हाय व्हय रे हे?"

"हं."

"लाइट होती तवा बगितलं मी. आठ ठिपके. तुझ्यासारख्या कारागिरानं एवढंच काढावं? ती पिंपळाची पानं काढली म्हनत होतास, ती कुठं गेली?"

"हायेत की," सिताराम म्हणाला. "तिच्याकडं तोंड करून हायेत. गप, ऐकू दे."

तिसऱ्या कडव्याला लाइट आली. झाडावरचा कर्णा खरखरला, त्यानं शिट्टी मारली. लिंबाजी पुढच्या रांगेतून उठला, कर्ण्यांच्या मशीनपाशी गेला आणि त्यानं माइकची तार उपसून हातात धरली. गाणं संपेपर्यंत तो ती तशीच धरून उभा होता.