गावपळणीतली जीप

माझ्या दादाला कोणी साधा माणूस म्हटलं की हल्ली माझं डोकंच फिरतं. बोलतो गोड, हे खरं. चेहराही असा की बघणाऱ्याला वाटावं, ह्याला खोटं बोलायला जमणारच नाही. त्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून मी राबले, आणि शेवटी त्याने मला वेशीबाहेर बसवलं. तेसुद्धा देवाच्या नावाखाली!

थांबा, नीट सांगते.

आचऱ्यात आमचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. इंजिनाचं काम सत्यवानदादाचं, वेल्डिंग माझं. आयटीआयमध्ये शिकून आलेय मी, कोणी माझ्यावर उपकार नाही केलेले. गेल्या उन्हाळ्यात आम्ही एक जीप उघडली. तिची पुढची दोन्ही चाकं सुटी होती, म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या दांड्यांवर वरखाली होणारं. डांबरी रस्त्यावर मजेत चालते अशी गाडी, पण खडकावर घातली की एक चाक हवेत लटकतं आणि दांडे वाकतात. तेव्हा ठरलं, हे सगळं कापून फेकायचं आणि जुन्या जीपला असतो तसा एकच अख्खा आडवा अ‍ॅक्सल पाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, बसवायचा. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपसूक खाली दाबलं जातं. डिसेंबरात वेंगुर्ल्याजवळ चिखला-खडकातली शर्यत होती, त्यासाठी ही सगळी खटपट. अशी फेरफार केलेली गाडी हमरस्त्यावर काढता येत नाही, टेम्पोवर चढवूनच न्यावी लागणार होती.

आणि चालवणार मी. हे माझ्या मनाचे मांडे नव्हेत. पहिला दांडा कापायच्या आधी दादाने जीपसमोर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, आज ह्या कामाक हात घालतंव. माझी भयण सारिका ही गाडी चलवतली, तिका यश दी रे महाराजा!" मी म्हटलं, "व्हय महाराजा!" दारात उभी राहून आईनेही म्हटलं, "व्हय महाराजा!" आमच्याकडे ह्यापुढे कागदबिगद लागत नाही.

मग काय विचारता! कणकवलीच्या भंगारातून अ‍ॅक्सल आणला, ग्राइंडरने चासीवरचं जुनं सगळं सपाट केलं. पाटे ज्यात अडकतात ते हँगर मी स्वतः वेल्ड केले. ओळंबा सोडून, दोरी तिरकी ताणून मापं घेतली, कारण अ‍ॅक्सल जरा वाकडा बसला तर गाडी सरळ जाणारच नाही. स्टेअरिंग थरथरू नये म्हणून पाट्याखाली पाचर घालावी लागते, ती घासून घासून बसवली. हँगरना लाल रंग दिला. दादा हसला, "नवरी सजयतंस काय गो?" मी म्हटलं, "माझी गाडी, माझी हौस!" खूप आनंदात होते मी तेव्हा.

इतक्यात देवाने गावपळणीचा कौल दिला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दर काही वर्षांनी आमचा अख्खा गाव, गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट, तीन दिवस वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतो. जात-धर्म न बघता सगळे जातात. चुली विझतात आणि मागे कोणी फिरकत नाही. परत यायचं ते देवाने पुन्हा कौल दिल्यावरच. नेमकी शर्यत त्याच दिवसांत आली. मी म्हटलं, त्यात काय, आदल्या दिवशी जीप बाहेर काढून ठेवू.

आदल्या दिवशी दादा तोंड पाडून आला. "सारिका, वाईट वाटान घेव नको. फेरी मारून बघलंय. तुझ्या डाव्या हँगराचा वेल्डिंग सुटलाहा. पुढचा सगळा थरथरता."

मी हातमोजे उचलले. "बघूया तरी. लगेच मारतंय परत."

"आता वेळ खंय आसा? तुका काय झाला तर आवशीक काय सांगू? ह्या वर्षी रवांदे. मी गाडी जॅकवर चढवून शेड बंद करतंय."

तेवढ्यात आईने हाक मारली. कोंबड्या धरायच्यात, भांडी बांधायचीयत, उजेड आहे तोवर झोपडी उभी राहायला हवी, तू माझ्याबरोबर आत्ताच्या आत्ता चल. गेले मी. शेडकडे वळूनसुद्धा बघितलं नाही, कारण बघवेना.

झोपडीत मी रडून घेतलं. रडले ती शर्यतीसाठी नाही, वेल्डिंगचा टाका सुटला म्हणून. हात कुठे चुकला, करंट कमी पडला की सांध्यात गंज राहिला, दुसरं काही सुचेना. "आये, एकदाच जावन बघून येतंय," असंही म्हटलं. आई घाबरली, "खुळ्यावलंस काय? देवाचा मोडूचा नाय!" खरं होतं तिचं. गेले नाही.

दादा पहिल्या दिवशी आलाच नाही. मालवणला मावशीकडे गुरांचा चारा बघायला गेलाय, असं आईने सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या झोपडीतली इमेल्डा मोबाइल घेऊन आली. "गो सारिका, ही तुमचीच गाडी मा?"

"माझी गाडी गावात आसा, बाय. जॅकवर."

"बघ तरी."

बघितलं. वेंगुर्ल्याची शर्यत चालली होती. लोक ओरडत होते आणि एक जीप खडक चढत होती. एक चाक वर गेलं, दुसरं दाबून बसलं, गाडी जराही न डगमगता वर आली. मग ती वळली आणि मला लाल हँगर दिसले. डावा, उजवा, दोन्ही जागच्या जागी. स्टेअरिंगवर अनिश होता. कणकवलीचा अनिश, दादाचा मित्र. आयुष्यात कधी पाना हातात धरला नसेल मेल्याने!

मी दादाला फोन लावला. "खंय आसस?"

"मालवणाक, मावशेकडे." त्याच्या मागे लाउडस्पीकर ओरडत होता, आचऱ्याच्या गाडीसाठी टाळ्या होऊन जाऊ द्या म्हणून.

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" एवढंच बोलले आणि फोन ठेवला.  आईकडे धावले. ती चुलीपाशी भात बघत होती. "आये, दादान फसवल्यान माका! टाको सुटूकच नाय! गाडी अनिशाक दिल्यान!"

आईने मान वर केली नाही. लाकूड आत सारत राहिली.

"आये?"

"माका म्हायत होता गो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"त्येचा लगीन ठरता आसा, अनिशाच्या भयणीवांगडा. अनिशाक ती गाडी चलवूची होती. नाय कसा म्हणतला? एका दिसाचो तर प्रश्न. तुका सांगला असता तर तू गाडीच्या आडवी पडलं असतंस."

"पडलंच असतंय!"

"म्हणान नाय सांगला," आई म्हणाली आणि भात उतरवला.

म्हणजे कोंबड्यांची घाई मुद्दाम केलेली. देवाचं मोडायचं नाही, हेही मुद्दाम. माझा हात चुकला म्हणून मी रात्रभर तळमळत होते आणि आई शेजारी पडून ते ऐकत होती. दादाचं एक वेळ समजू शकते, पुरुष माणूस, स्वार्थ सुटत नाही. पण आई? तिने माझे हे हात बघितलेत, ठिणग्यांनी भाजलेले. तेल तिनेच लावलंय. मी जेवले नाही. 

तिसऱ्या दिवसानंतर कौल झाला. ढोल वाजले, माणसं झोपड्या मोडू लागली, गुरं गावाकडे वळली. वेशीवर टेम्पो उभा होता. दादाने जीप खाली उतरवली होती आणि माझ्यापुढे चावी धरली.

"रागाव नको गो. घराकडे तू चलव. सगळो गाव बघतलो. फुडच्या वर्सा शर्यतीक तूच."

"अनिशाक सांगलंस, वेल्डिंग कोणी केला ता?"

तो खाली बघू लागला. "त्येंका वाटला मी केलंय. सोयरिकीच्या घरात... मी काय बोलूक नाय."

मी चावी घेतली नाही. माणसं आमच्या बाजूने गावात शिरत होती. इमेल्डाही गेली. आई गाईचं दावं धरून पुढे आली. "चल गो बाय. देवान कौल दिलो."

"गावाक दिलो," मी म्हटलं. "माका खंय कोणी इचारल्यान?"

 गाय ओढायला लागली तशी आईही गेली. दादा जीप घेऊन तिच्यामागून गेला, पहिल्या गिअरमध्ये, सावकाश. सगळ्या झोपड्या मोडून झाल्या होत्या, आमचीच तेवढी उभी होती. मी आत जाऊन बसले.