तळ दिसला तरी आमचाच

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो, आणि जुना असल्याची मला तसूभरही लाज वाटत नाही. पत्र्याचा आहे, अंगाने भक्कम आहे आणि एका बाजूला तळहाताएवढा पोचा आहे. तो बघून कुणी नाक मुरडलं, तर मी म्हणतो, मुरडा खुशाल!

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, वाकवला, कडा जोडल्या. ठोकाठोक तर विचारूच नका. तिथून मी एका किराणा दुकानात गेलो आणि बारा वर्षं तांदूळ सांभाळला. दुकानदार गिऱ्हाइकांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "या डब्यात किड्याने शिरून दाखवावं!" पुढे प्लॅस्टिकच्या बरण्या आल्या, आरपार दिसणाऱ्या, नटव्या. मला भंगारात काढलं. हा पोचा फेकताना आला तोच. दोन वर्षं मी ढिगात गंज खात पडलो होतो. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं तेव्हा.

मग एके दिवशी भंगारवाल्याकडे इस्त्रीवाली आली आणि मला विकत घेऊन गेली. लाँड्रीत दिवसभर उभं राहून लोकांचे कपडे कडक करणारी बाई. सोबत तिची आठ वर्षांची लेक. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. दोघींनी त्याच आठवड्यात भावाचं घर सोडून एक खोली घेतली होती, आणि स्वयंपाकघर म्हणायला तिथे शेगडी, एक पातेलं आणि भिंतीतली फळी एवढंच होतं.

घर का सोडलं, ते मी खोलीवर आल्यावर ऐकलं. नवरा वारल्यावर ती भावाकडे राहायची. नऊ माणसांचा स्वयंपाक तिच्या गळ्यात, पण धान्याच्या कपाटाची किल्ली वहिनीच्या कमरेला. रोज सकाळी हिने वाटी पुढे करायची आणि वहिनीने मोजून तांदूळ घालायचा. एकदा भिंगरीसाठी हिने मूठभर जास्त मागितला, तर वहिनी म्हणाली, "वन्सं, दोन तोंडं आधीच जास्तीची आहेत." झालं! हिने वाटी खाली ठेवली आणि बोचकं बांधलं. वहिनी दारातून ओरडली, "पंधरा दिवसांत पिठामिठाला माझ्याच दारात याल!"

आता हा प्रश्न माझ्याही अब्रूचा झाला.

इस्त्रीवालीने मला घासून घासून लख्ख केलं, उन्हात पालथं घातलं. मग मायलेकी बाजारात गेल्या आणि तांदूळ, पीठ, डाळ, मीठ, तेल, साखर, चहा असं पंधरा दिवसांचं सामान घेऊन आल्या. तांदूळ माझ्या वाट्याला आला. फळीवर मी मधोमध बसलो, अगदी मानाने.

"आई, झाकण मी उघडू?" भिंगरीने विचारलं.

"उघड की. विचारतेस कुणाला?"

पण एक घोटाळा झाला. इस्त्रीवालीच्या हाताला नऊ माणसांची सवय! दोघींसाठी म्हणून ती माझ्यात हात घालायची आणि पातेलं भरून भात शिजवायची. उरलेला भात शेजारच्या शिंप्याकडे. शिंपी खूश, माझा मात्र जीव खालीवर. अकराव्या दिवशी तांदूळ खलास. इस्त्रीवाली कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई, एवढी वर्षं रांधलं, आणि दोन माणसं किती खातात तेच मला ठाऊक नाही!" ती हसली खरी, पण डोळे भरून आले होते.

बाराव्या दिवशी नेमकी वहिनी टपकली. हातात तांदळाची पिशवी. "बघू तरी संसार," म्हणत ती थेट फळीशी आली आणि तिने माझ्याच झाकणाला हात घातला. माझं झाकण पोच्यामुळे घट्ट बसतं, पोच्यावर अंगठा दाबल्याशिवाय निघत नाही. वहिनी ओढून ओढून लालबुंद झाली. मी दम धरून बसलो. मनात म्हटलं, जीव गेला तरी हिला तळ दिसू द्यायचा नाही.

तेवढ्यात इस्त्रीवाली पुढे आली. तिने अंगठा दाबला, झाकण काढलं आणि मला थेट वहिनीच्या पुढ्यात तिरकं केलं.

"नीट बघा, वहिनी. तांदूळ संपलाय. माझा अंदाज चुकला. पीठ आहे, डाळ आहे. पगार झाला की हाही भरेन."

"मग हट्ट कशाला एवढा? हा घ्या तांदूळ आणि चला घरी. पोरीचे हाल कशाला करता?"

"तांदूळ परत न्या. तुमचं कपाट भरलेलं होतं, पण मला त्यात हात घालायची सोय नव्हती. हा रिकामा असला तरी माझा आहे. बसा, चहा टाकते."

मित्रांनो, मला माझीच शरम वाटली. रिकामेपण लपवायचं असतं असं मी समजत होतो. तिने तर ते उजेडात धरलं.

वहिनी अवघडून बसली. चहाचा घोट घेतला आणि सवयीने कमरेच्या किल्लीला हात लावत पुटपुटली, "साखर जरा कमी झालीय..."

भिंगरीने साखरेचा डबा झाकण काढून तिच्यापुढे ठेवला. "घ्या ना मामी, तुमच्या हाताने. आमच्याकडे विचारावं लागत नाही."

वहिनीने किल्लीवरचा हात काढला. मग तिने एक चमचा साखर घेतली, चहा संपवला आणि तांदळाची पिशवी उचलून निघून गेली.

आता मीही तुमच्याकडे काही मागतो, पण हात जोडून नाही. महिन्यातून एकदा मला पुरता रिकामा करा, घासा, उन्हात ठेवा. जुन्या धान्यावर नवं ओतू नका, किडे होतात. मग मी तुम्हाला आणखी वीस वर्षं पुरेन. पण घरातल्याच माणसापासून धान्य राखायला मला कुलूप लावणार असाल, तर नको तुमचं घासणं आणि नको तो मान. मला भंगारात टाका. तिथे मी खुशाल गंजेन.