तीस की दहा

"प्रश्नाला दहा सेकंद. बास!" तुफान म्हणाला. "तीस सेकंदांत लोक उत्तर शोधून, चहा पिऊन परत येतात."

तुफान म्हणजे माझा भागीदार. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं ऑनलाइन प्रश्नमंजूषा चालवतो. प्रश्न मी माइकवर वाचते, कॉम्प्युटरचं सगळं तो बघतो. फेरीत वीस प्रश्न. त्याला दहा मिनिटांची फेरी साडेतीन मिनिटांत उरकायची होती, नाहीतर म्हणे माणसं कंटाळून पळतील. त्याचं खरं होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं.

"तीसच राहणार."

"अगं, पण कारण?"

कारण होतं 'जुना खडू' नावाचा खेळाडू. सगळे एका शब्दात उत्तर देतात, हा महाभाग लिहितो, "या धातूचे नाव तांबे असे आहे." पूर्णविरामासकट! एका बोटाने टाइप करत असणार, कारण उत्तर येतं सव्विसाव्या नाहीतर अठ्ठाविसाव्या सेकंदाला. कॉम्प्युटर ते चूक धरतो. मी गुपचूप बरोबर करते.

अख्ख्या शाळेला पूर्ण वाक्यात बोलायला लावणारा एकच मास्तर मला माहीत आहे. घरीसुद्धा नुसतं "पाणी" म्हटलं तर द्यायचे नाहीत. "मला पाणी हवे आहे" म्हणावं लागायचं. चार वर्षांपूर्वी मी पक्की नोकरी सोडली, तेव्हा म्हणाले, "या घरात पुन्हा पाऊल ठेवू नकोस." तेही पूर्ण वाक्यात. मीही त्यांचीच लेक, दार आपटून निघाले. तेव्हापासून ना फोन, ना निरोप. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, दोघांचाही. आठवड्यातून एकदा ही वीस वाक्यं येतात, आणि त्यांच्यासाठी मी सोमवारपासून झुरते.

दहा सेकंदांत बाबांचं अर्धं वाक्यही झालं नसतं.

हे तुफानला सांगायची लाज वाटली. "आजची फेरी होऊ दे, मग ठरवू," म्हणून वेळ मारून नेली.

एकोणीस प्रश्न झाले. विसावा कुठल्याशा नदीचा होता. मी कागद बाजूला सारला.

"शेवटचा प्रश्न," मी माइकवर म्हणाले. "याला गुण नाहीत. उत्तर एकाच माणसाने द्यायचंय, त्यांना कळेल. मी घरी कधी येऊ?"

तुफानने कपाळावर हात मारला. लोकांनी हसरे चेहरे पाठवले. कोणी लिहिलं "उद्या", कोणी "आधी जेवून घे". जुन्या खडूच्या नावापुढे काहीच नाही. दहा सेकंद गेले. वीस. तीस.

तुफानचा हात फेरी बंद करायला पुढे झाला. मी त्याचं मनगट धरलं. "थांब रे. चालू राहू दे."

"कोण आहे?" त्याने हळूच विचारलं.

"बाबा."

त्याने हात मागे घेतला. खेळाडू एकेक करून निघून गेले. यादीत एकच नाव उरलं. चौथ्या मिनिटाला उत्तर आलं.

"तू केव्हाही येऊ शकतेस. मी कुलूप बदललेले नाही."